धुरेजड गाडी

अंबरनाथच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट आली तेव्हा तिला हार घालायला शंभर हात पुढे झाले, चालवायला मात्र दोनच माणसं. एक उल्हासनगरच्या कॅम्पातला हशू. त्याने म्हणे फाळणीआधी सिंधमध्ये ट्रक हाकला होता. खरंखोटं करायला तिकडे कोण जातंय! दुसरा चामटोलीचा पदू. कारखान्यात हमाल लागेपर्यंत त्याने हयातभर बैलगाडी हाकली होती, आणि हे तो न विचारता सांगे.

"बैल असो की इंजिन, गाडी ती गाडीच," हे त्याचं पालुपद.

सीट एकच होती. शनिवारी परीक्षा होती आणि दोघंही नापास झाले तर मुंबईहून माणूस येणार होता. मग या दोघांना पुन्हा हमाली, डोक्यावर खोकी. पदूने तर निकालाआधीच बैलजोडी विकून टाकली होती. खात्री माणसाला अशीच महाग पडते.

शिकवायला स्टोअरचे अधिकारी श्यामकांत होते, कुळगावचे. माल उचलायचे पुढचे काटे जमिनीलगत ठेवा, वळणावर हॉर्न द्या, मागे वळून बघा. पदूला सगळं पाठ झालं. ओझं जास्त घेऊ नका, हेही पाठ झालं. पण जास्त म्हणजे किती, ते तो आपल्या हिशेबाने ठरवणार होता.

परीक्षेत हशूची पाळी आधी आली. त्याने खोक्याआधी फाटकाचा खांबच उचलायला घेतला आणि तिथेच नापास झाला. पदू खुशीत सीटवर चढला.

लोखंडी भागांनी भरलेल्या खोक्याखाली त्याने काटे घातले आणि दांडा ओढला. खोकं उठलं, पण मागची चाकंही चार बोटं उठली.

"अरे पदू, तेरा बैल तो घुटने पे आ गया!" हशू ओरडला.

"धुरेजड झालीय, दुसरं काय!" पदू बिनघोर होता. पुढं जड झालेल्या गाड्या त्याने कमी का पाहिल्या होत्या? "बारकू, चढ रं मागं! तू बी ये, भिवा!"

बारकू आणि भिवा, दोघंही त्याच्याच गावचे हमाल, टुणकन मागे चढून बसले. चाकं टेकली. पदूने शाबासकीच्या आशेने श्यामकांतांकडे पाहिलं.

"खाली ठेव," श्यामकांत म्हणाले.

"सायेब, वजन बराबर केलं की!"

"खाली ठेव म्हणतो. सगळे उतरा."

त्यांनी बारकू-भिवाच्या जागी वाळूची पोती ठेववली, माणसांना लांब उभं केलं आणि स्वतः सीटवर बसले. खोकं जेमतेम उचलून गाडी सावकाश पुढे नेली आणि ब्रेक दाबला.

मागची बाजू उसळली. खोकं काट्यांवरून घसरून दाणकन खाली गेलं, तशी गाडी मागे आदळली. एक पोतं उडून चाकाशी पडलं आणि फुटलं.

बारकू त्या वाळूकडे बघत राहिला. "पदूशेट," तो म्हणाला, "ते मी व्हतो."

बैल थांबतात ते मान डोलवत, दमाने. ही एका पायाच्या दाबानं थांबते. आणि ती थांबली म्हणून माल थोडाच थांबतो! गाडी ती गाडीच, असं तो आजवर सांगत होता.

"सायेब, परीक्षा संपली?"

"तूच सांग."

पदूने पहार मागवली. खोकं फोडलं, अर्धा माल दुसऱ्या खोक्यात भरून घेतला.

"दो फेरे? हमारे यहाँ एक में होता है," हशूने टोमणा मारला.

"व्हय, खांबासकट!"

पहिली फेरी बिनबोभाट झाली. दुसरीला बारकू सवयीने पुन्हा मागे चढला. पदूने इंजिन बंद केलं.

"उतर."

"आता तं हलकी हाय की रं!"

"म्हणून काय ही तुझ्या सासऱ्याची गाडी झाली? चालत ये."

बारकू पुटपुटत चालत आला. पदूने खोकं ठेवलं, काटे जमिनीला टेकवले, चावी काढून श्यामकांतांपुढे धरली.

त्यांनी ती घेतली नाही. "सोमवारी आठला," म्हणाले.

"साडेसातला येतो, सायेब," पदूने चावी कनवटीला लावली. "आधी हशूला खांब दाखवायचाय."