टेबलाखालचा सर्व्हर

हिरवा दिवा पुन्हा लुकलुकायला लागला होता... टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरचा, मुगाच्या दाण्याएवढा, आठवडाभर मुकाट असलेला. शुभाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. म्हणजे देवव्रतचे फोटो येतायत.

"भंगारात नको ना देऊस, आई. याचा घरचा सर्व्हर करतो. कुठेही असलो तरी सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप इथे येऊन पडतील," असं म्हणून तो रविवारभर स्क्रू उघडून बसला होता. पुढच्याच महिन्यात त्यानं संघमित्राचं नाव काढलं. श्यामसुंदर म्हणाले, त्या जातीतली सून या घरात येणार नाही — आणि शुभा... शुभा आमटीला फोडणी देत राहिली. तो विक्रोळीला राहायला गेला. मुलुंडहून विक्रोळी ती काय लांब, पण फोनसुद्धा बंद झाले. आपला मोबाइल इथून तोडायचं मात्र तो विसरला — असं तिनं धरलं होतं, आणि चोरासारखी ती रोज टॅबवर त्याचा संसार बघायची: करपलेली पोळी, खिडकीतली तुळस, झोपेतून उठलेली संघमित्रा. एक शब्द बोलले आणि त्यानं हेही बंद केलं तर... म्हणून गप्प. मग फोटोंत लग्नाच्या साड्यांची खरेदी दिसायला लागली, आणि ऐन तेव्हाच कॉम्प्युटरमधली जागा संपली म्हणून फोटो यायचेच थांबले.

"अगं, ते धूड बंद कर. दिवसरात्र वीज खातंय," आतून श्यामसुंदर म्हणाले.

"राहू द्या हो."

तिनं टॅब उघडला. पांढऱ्या साडीतली संघमित्रा, पांढऱ्या सदऱ्यातला देवव्रत, समोर बुद्धाची मूर्ती, दोघांचे हात जोडलेले. लग्न झालं. माझ्या मुलाचं लग्न झालं, आणि मी तेव्हा काय करत होते — गवार मोडत असेन बहुतेक... आवाज न करता जेवढं रडता येतं तेवढं ती रडली.

पण जागा कुठून झाली? तिनं शोधलं. देवव्रतनं साठवलेले सिनेमे सगळे गेले होते. त्याचं बारसं, तिच्या आईची पंचाहत्तरी — तिच्या फोटोंना धक्का नव्हता. काही पुसायला लागणारा पासवर्ड त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. म्हणजे विक्रोळीत बसून त्यानंच जागा केली. हे यंत्र अजून चालू आहे हे त्याला माहीत होतं, आणि ते कुणी चालू ठेवलंय हेही. बाबांनी तर पहिल्याच दिवशी पिन उपटली असती.

तो विसरला नव्हता. पोळी, तुळस, साड्या — सगळं तो मला दाखवत होता... आणि मी एकदाही म्हटलं नाही, बघितलं रे.

टॅबवर फोटो येतच होते. आता नुसतं बघत राहणं तिला जमणार नव्हतं, आणि बोलायला तोंड उरलं नव्हतं.