राजदीपचं सगळ्यात चांगलं गाणं

राजदीप गेला त्याला वर्ष होत आलं, तेव्हा घाटंजीजवळच्या त्याच्या गावातल्या पोरांनी बसथांब्याच्या भिंतीवर त्याच्या गाण्याच्या ओळी रंगवायचं ठरवलं. कोणत्या ओळी, यावर मात्र एकमत होईना. म्हणून एका रविवारी दुपारी दहा-बारा जण समाजमंदिरात जमले. विक्की दाराजवळ बसला.

राजदीप रॅप करायचा. दिवसा दुसऱ्यांच्या पराटीत, म्हणजे कपाशीत, फवारणीची मजुरी, संध्याकाळी गाणी. अकरा गाणी त्यानं यूट्यूबवर टाकली होती. दोन हजार सतरा साली कपाशी डोक्याच्याही वर वाढली. औषधाचा फवारा उलटा तोंडावर यायचा. त्या हंगामात जिल्ह्यात विषबाधेनं जी माणसं गेली, त्यांत तोही गेला, तेविसाव्या वर्षी.

विक्की त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. घाटंजीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बोलताना अडखळायचा, म्हणून फारसा बोलायचाच नाही. गाण्यांचं संगीत तो करतो, एवढंच लोकांना माहीत होतं.

"यात इचार कायचा करायचा?" रजत म्हणाला. तो किसनराव पाटलांचा मुलगा, पुसदला कॉलेजात शिकत होता. "'हमाल'च लिहायचं. फवारणीत मेलेल्यांसाठी मोर्चा निघाला, त्यात लोकं म्हनून राह्यले होते ते. त्याले त्याचं मरण आधीच दिसलं होतं." आणि त्यानं ओळी म्हणून दाखवल्या:

पाठीवर पंप, नाकावर रुमाल,
पराटी डोक्याइतकी, अन् मी तिचा हमाल.

मग कोणी म्हणालं, शाळेवरचं गाणं बरं, लहान पोरांना पाठ आहे. कोणी म्हणालं, संतापाचं गाणंच टिकतं, बाकी सगळं लोक विसरतात.

विक्की उठून उभा राहिला. "भें... भेंडीचं गाणं," तो म्हणाला.

पोरं हसली. ते गाणं राजदीपनं आठवडी बाजारावर केलं होतं. 'भेंडी मोडून पाह्यते तू, मले कधी पाह्यशील?' ते फक्त दोन-अडीचशे लोकांनी पाहिलं होतं.

"काहून बे? त्यात काय हाये?" रजतनं विचारलं.

"त्यात तो... तो हासते. मधातच. म्या कापलं नाई."

"भिंतीवर हासणं कसं रंगवशील?"

विक्की पहिल्याच अक्षरावर अडखळला. तोवर हात वर झाले, 'हमाल' ठरलं. तो खाली बसला. 'हमाल'चा शब्दन् शब्द त्यानंच, विक्कीनं, लिहिला होता. त्याला म्हणता यायचं नाही आणि राजदीपला असलं जड काही सुचायचं नाही. राजदीप स्वतः फवारणी करून आल्यावर काय काय सांगायचा, ते विक्की ऐकायचा आणि लिहायचा. भेंडीचं गाणं मात्र राजदीपचं एकट्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी राजदीपची बहीण प्रियंका दुकानात आली. हातात एक वही होती.

"राजदीपच्या पेटीत सापडली. हे अक्षर तुह्यं हाये, विक्कीदादा."

त्यानं वही ओळखली. खाडाखोडही त्याचीच होती. एका ठिकाणी 'गुलाम' खोडून 'हमाल' केलेलं होतं.

"तो सांगे, मी... लिहू," तो म्हणाला.

"खरं सांग."

"खरंच."

"माय रोज 'हमाल' लावते," प्रियंका म्हणाली. "म्हणते, माह्या लेकाले किती समजत होतं."

विक्की हातातल्या मोबाइलचा स्क्रू फिरवत राहिला. तिनं वही काउंटरच्या काचेवर ठेवली आणि ती गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये भिंत रंगली. रुखमाबाईनं, राजदीपच्या आईनं, लेकाच्या नावावरून हात फिरवला, तर ओला रंग तिच्या बोटांना लागला. पोरांनी फोटो काढले. विक्कीलाही कोणीतरी ओढून उभं केलं, अगदी कडेला. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये ते गाणं वाजायचं आणि तो मान खाली घालून काम करायचा.

कापसाची वेचणी सुरू झाली तेव्हा त्यानं पुन्हा लिहायला घेतलं. महिनाभरात एक गाणं पूर्ण झालं. दाखवायचं कोणाला, हे त्याला कळेना. रजतला फोन लावला आणि रिंग जायच्या आत कापला.

एका दुपारी मालक जेवायला गेले होते. विक्कीनं शटर अर्धं ओढलं, संगीत लावलं आणि स्वतःच म्हणून पाहिलं. ठोक्यावर शब्द धरत गेला. पहिली ओळ निघाली, दुसरी निघाली. चारही ओळी कुठंच न अडकता निघाल्या.

तो थांबला. हसूही आलं. मग संगीत एकटंच वाजत राहिलं. हे ज्याला सांगायला धावत जावं, असा गावात एकच माणूस होता.