मुठीतल्या अक्षता

मी एक जुना लेथ आहे. जुना म्हटलेले मला आवडत नाही, पण माझा उडालेला रंग पाहून तुम्ही तेच म्हणणार, म्हणून मीच आधी म्हणून टाकतो. मित्रांनो, लोखंडाचा तुकडा मुठीत घट्ट धरायचा, गरागरा फिरवायचा आणि गोल, गुळगुळीत करून द्यायचा, हे माझे काम. माझ्या मुठीला तीन बोटे आहेत. कारखान्यात तिला चक म्हणतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पारसअण्णांनी मला आपल्या कारखान्यात आणले, तेव्हा शेजारच्या चार शेडमधली माणसे मला बघायला आली होती. ऑईल इंजिनांचे किती भाग मी केले, त्याची गणतीच नाही. मग संगणकावर चालणारी यंत्रे आली. ती काचेच्या पेटीत बसतात. त्यांना धूळ लागू नये म्हणून पडदे लागले आणि माझ्या डोक्यावर लोक हेल्मेट ठेवू लागले. पिराजीकाकांनी मात्र मला कधी अंतर दिले नाही. एकोणतीस वर्षे तेच मला चालवतात. रोज सकाळी चिंधीने माझी तिन्ही बोटे पुसल्याशिवाय ते बटण दाबत नाहीत.

यंदा काकांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि ते दीड महिना मलकापूरला लेकीकडे राहिले. तेवढ्यात दिवाळी आली. अण्णा थकले आहेत, त्यामुळे कारखाना आता त्यांची मुलगी आदिती बघते. इंजिनिअर आहे, मनाने चांगली आहे, फक्त घाईची आहे. लक्ष्मीपूजनाला तिने पहिल्यांदाच स्वतः आम्हा यंत्रांची पूजा केली. अण्णा चिमूटभर अक्षता वाहायचे, हिने हौसेने मूठमूठ उधळल्या. ओल्या हळदीकुंकवासकट दोन दाणे माझ्या एका बोटाच्या आतल्या बाजूला चिकटले. मग आठ दिवस कारखाना बंद. दाणे वाळून दगड झाले.

सुट्टी संपली आणि काका आले. अंगात इस्त्रीचा सदरा, डोळ्यांवर नवा चष्मा, डब्यात लेकीने दिलेल्या करंज्या. करंज्या त्यांनी हसत वाटल्या, पण त्यांची नजर सारखी माझ्याकडे वळत होती. सुट्टीहून परतलेला माणूस आधी आपली जागा शिल्लक आहे ना, तेच बघतो.

आमच्या कारखान्यात एक रीत आहे. पूजेचे हळदीकुंकू पहिला नग निघेपर्यंत पुसायचे नाही. तो नग लक्ष्मीच्या फोटोपुढे ठेवायचा आणि मगच चिंधीला हात लावायचा. काका रीत मोडणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी उचललेली चिंधी परत ठेवली, मला हात जोडले आणि पंपाचा शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, माझ्या मुठीत दिला. त्याची एक बाजू आधीच तयार होती, दुसरी करायची होती. दाण्यांमुळे शाफ्ट केसभर तिरका बसला. मला कळत होते. पण मला ओरडता येते ते खडखडाट करूनच, आणि केसभर तिरकेपणाला खडखडाटही होत नाही.

आदितीने शाफ्ट मोजला. दोन्ही बाजू एका रेषेत नव्हत्या. दुसरा केला, तोही तसाच. तिसऱ्याचीही तीच गत.

"काका, अजून नीट दिसत नाही काय?" तिने हळूच विचारले.

"दिसतंय की. ह्यो असा का येतोय, त्येच कळंना."

"ऑर्डर उद्या जायची आहे. तुम्ही उद्यापासून पॅकिंगला बसा. बसून काम आहे, डोळ्यांना त्रास नाही."

ती प्रेमानेच बोलली, म्हणून तर काकांना ते जास्त लागले. एवढा मुरलेला हात आता खोक्यांना चिकटपट्टी लावणार, या विचाराने मला फार वाईट वाटले.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्यापाशी आले. चांगला नग अजून एकही निघाला नव्हता, म्हणजे पुसायला मनाईच होती. तरी त्यांनी चिंधी उचलली आणि फोटोकडे पाहिले.

"लक्ष्मी, रागावू नगंस. जाताजाता ह्येला पुसून तरी जातो," असे पुटपुटत त्यांनी माझी मूठ उघडली. एका बोटावर चिंधी अडली. नखाने खरवडल्यावर लाल झालेले दोन दाणे त्यांच्या तळहातावर पडले.

चौथा शाफ्ट अगदी सरळ आला. आदितीने तो दोनदा मोजला.

"काय केलंत, काका?"

"काय न्हाय. जरा कचरा अडकलता."

दाणे त्यांनी खिशात टाकले. पोरीची पहिलीच पूजा, तिला कशाला दुखवा. पण चिंधीवरचे कुंकू तिला दिसले आणि सगळे उमगले. तिचा चेहरा उतरला.

"माझ्याच अक्षता की त्या. आधी चक बघायला पाहिजे होता. मी तुमच्या डोळ्यांवर ढकललं."

"व्हतंय की, ताई. सुट्टीनंतरचा तुमचाबी पैलाच दिवस हाय आन माझाबी."

तिने शाफ्ट काकांच्या हातात दिला. "देवापुढं तुम्हीच ठेवा. आणि पॅकिंगचं मी बोललेच नाही, असं समजा."

मित्रांनो, सुट्टी दिवाळीची असो की मे महिन्याची, परतल्यावर पहिल्या दिवशी कुणाचेही काम चुकू शकते. आम्हा यंत्रांना तेल घाला, पुसत जा, एवढे तर मी मागतोच. पण त्याआधी एक करा. माणसाच्या हातात खोट काढण्यापूर्वी आमची मूठ एकदा उघडून बघा. आम्हाला सांगता येत नाही, आणि पिराजीकाकांसारखी माणसे सांगत नाहीत.