मानेपर्यंत उतरलेला फोटो

माहा दादा गुलाबराव, भिलाईच्या कारखान्यात तीस वर्सं रूळ तपासत होता. केसाएवढी चीर दिसली का अख्खा रूळ वापस. रिटायर झाला, पन सवय काही गेली नाई. भाजी वाढली का म्हनते, दान्याचं कूट जाड आहे. पोळी वाढली का म्हनते, काठ कच्चे आहेत. वयनी गेली तवापासून, म्हंजे बावीस वर्सं झाले, मीच या घरात रांधून राहिली. आता अशा मानसाच्या हाती समाजाची लगन जुळवाची वेबसाईट आली, तं काय झालं असन तुमीच इचार करा!

वेबसाईट बनवली त्याच्या पोरानं, राहुलनं. त्यात दादाच्या पोरीचा, हर्षाचाबी फोटो टाकाचा होता. आमच्या घरी लगनाच्या पोरीचा फोटो एकटीचा काढत नाईत. मांगं घरची बाई उभी पाहिजे, पोरीच्या खांद्यावर हात ठिवून. पाहनाऱ्याले समजलं पाहिजे का पोरीच्या मांगं कोनी आहे. माय नाई, तं आत्या. पावर हाउस बाजारातल्या स्टुडिओत हर्षा खुर्चीवर बसली अन् मी तिच्या मांगं उभी राहिली. फोटो असा साफ निंगाला का माह्या चस्म्याच्या काडीवरचा डागबी दिसे.

राहुल म्हने, "बाबा, फोटो बहुत भारी आहे. गावाकडं नेट स्लो रायते, खुलनारच नाई. थोडा हलका करून टाकू ना."

"हलका? माह्या पोरीचा फोटो हलका?" दादा कडाडला. "क्वालिटीत तडजोड नाई म्हंजे नाई!"

बाकीच्याईचे फोटो राहुलनं गुपचूप हलके करून टाकले. आमच्या समाजातल्या कवडूभाऊची पोरगी रीना, तिच्या तोंडावर तं चौकोनं चौकोनं दिसत, लुडोच्या पटावानी. दीड महिन्यात लगन जुळलं तिचं. अन् आमची हर्षा? सात महिने झाले, एक फोन नाई.

पोरगी सावळी. मंग काय, लोकाईले बोलाले निमित्तच भेटलं. शेजारची एक जन म्हने, "रंग पाहून मांगं सरत असतीन व." हर्षानं आयकलं ते. आरशासमोर उभं राहनं सोडलं पोरीनं. एक दिवस भांडे घासता घासता मले इचारते, "आत्या, मी सच्ची एवढी वाईट दिसते काय व?"

माहं काळीज पानी पानी झालं. तशीच ओल्या हातानं बाहेर आली अन् दादाले म्हनलं, "तो फोटो बदल."

"फोटोत खोट नाई," दादा म्हने.

"मंग पोरीत आहे काय रे?"

तो पेपर तोंडापुढं धरून बसला. मीबी चार भांडे आपटले अन् कामाले लागली.

मंग उतई गावाले बारशाले गेली मी, चुलत बहिनीकडं, गयाबाईकडं. दारातच ती हासत सुटली. "काव ठकू, या वयात बोहल्यावर चढतं काय व?"

"काय झालं?"

तिनं मोबाईल माह्या हाती देला. वर लिहलं होतं, हर्षा, वय सत्तावीस, बी.एस्सी. अन् त्याखाली कोन? मी! पांढरे केस, चस्मा, नाक, हनुवटी. फोटो माह्या मानेपर्यंत उतरला अन् थांबला. खाली नुसतं पांढरं. आमच्या घरी तं पुरा खुलते!

"त्याच्या खाली उतरतच नाई व," गयाबाई म्हने. "सात महिने झाले, इथंच अटकते. आमच्या गल्लीत तं सगळ्याईले वाटते, गुलाबराव आपल्या बहिनीलेच सत्तावीसची सांगून खपवून राहिला!"

अव माय! हासू का रडू, मले समजेच ना. पन जीव भांड्यात पडला माहा. पोरीले कोनी नापसंत केलीच नव्हती. तिले कोनी पाह्यलंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी दादाले म्हनलं, काढ स्कूटर. उतईले नेलं, गयाबाईच्या ओसरीवर बसवलं अन् तिचा मोबाईल त्याच्या हाती देला. फोटो उतरला, मानेपर्यंत आला, थांबला. मले वाटलं, आता हा दचकन. पन तो दचकला नाई.

"माहीत होतं मले," दादा म्हने. "राहुलनं पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं."

"मंग?"

त्यानं मान खाली घातली. "फोटो उघडला का लोकं येतीन. लोकं आले का पोरगी जाईन. राहुलबी नोकरीले जाईन कुठं तरी. मंग घरात कोन, ठकू?"

माह्या अंगाचा असा भडका उडाला! "अरे भल्या मानसा! तिकडं पोरगी सोताच्या तोंडाले नावं ठिवून राहिली, अन् तू माहीत असून चूप बसला? बाप आहेस का कोन आहेस? अन् घरात कोन म्हंजे? मी काय भिंत आहो काय रे? सात महिने साऱ्या मुलखाले मी एकटीच दिसून राहिली, अन् तुले नाई दिसली?"

गयाबाई चहा घेऊन आली होती, ती उंबरठ्यावरच थांबली. दादानं खिशातून फोन काढला अन् राहुलले लावला. "हलका कर तो फोटो... हव, आत्ताच. चौकोनं दिसले तं दिसू दे."

थोड्या वेळानं गयाबाईनं पुन्हा उघडून पाह्यलं. या बारी फोटो एकदमच आला, वरून खालपर्यंत. जरासा धूसर होता, पन आमची हर्षा खुर्चीवर बसून अशी हासून राहिली होती का गयाबाईच्या तोंडून निंगालं, "बाई, केवढी गोड पोरगी व!"

दादा कितीक वेळ त्या फोटोकडं पाहत होता. पोरीवरून त्याचं बोट हळूच वर सरकलं अन् माह्या डोक्यावर थांबलं.

"ठकू," तो म्हने, "तुहे केस एवढे कधी पिकले व?"

"तुह्यासमोरच पिकले," मी म्हनलं. "पे आता चहा, थंडा होऊन राहिला."