बिल्ला नंबर चारशे बारा

म्युझियमच्या दुकानापर्यंत रॅम्प आहे. गुळगुळीत, कठडा चकचकीत, वर निळी पाटी. माझ्या नवऱ्याला, हेक्टरला, चाकांच्या खुर्चीतून जाऊन कॉफीचे मग आणि टोप्या विकत घ्यायला आता काही म्हणता काही अडचण नाही. खाणीत उतरायचं तर मात्र चार पायऱ्या चढून लिफ्टच्या पिंजऱ्यापाशी जावं लागतं, आणि त्या पायऱ्या तशाच आहेत.

याच खाणीत हेक्टरने बावीस वर्षं कोळसा काढला. इथेच छत कोसळून त्याचे पाय गेले आणि धाकटा भाऊ डंकन गेला. पुढे खाण बंद पडली, तिचं म्युझियम झालं. दर अकरा जूनला जुने खाणकामगार खाली उतरतात आणि तिथे मेलेल्यांची नावं वाचतात. डंकनचं नाव आपण वाचावं, एवढीच हेक्टरची इच्छा. सहा वर्षं आम्ही ऐकतोय, "पुढच्या वर्षी नक्की."

यंदा अकरा जूनला म्युझियमची मॅनेजर ट्रीना गोड हसत आली. "हेक्टर, तुमच्यासाठी खास व्हीआर चष्मा मागवलाय. घातला की अगदी खाली गेल्यासारखं वाटतं!"

"खाली कसं वाटतं ते मला माहीत आहे गं," हेक्टर म्हणाला.

"खुर्ची पिंजऱ्यात न्यायला विमावाले परवानगीच देत नाहीत."

माझं डोकं फिरलं. "पाय चिरडले तेव्हा याच पिंजऱ्यातून स्ट्रेचरवर वर आणलं ना त्याला? तेव्हा नाही कुणाचा विमा आडवा आला!"

"एफी, खरंच माझ्या हातात नाहीये."

"रॅम्प होता ना तुझ्या हातात? तो बरोबर गल्ल्यापर्यंत नेलास!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. लाज मला का वाटावी?

चाळीसेक पर्यटक हेल्मेट घालून तयार होते. हेक्टरचा जुना जोडीदार लिओ आता इथे गाईड आहे. पायऱ्यांच्या वर उभा राहून तो भिंतीवरचा फळा दाखवत होता. खाली जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला इथे टांगायचा, वर आला की स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याने शिवायचा नाही; मेलेल्याचा तेवढा घरच्यांना देतात. एक जरी बिल्ला उरला तरी माणूस खाली आहे असं धरून सगळं काम बंद.

"मग तो एक का उरलाय?" एका बाईने विचारलं.

लिओ रोज हा फळा दाखवतो. आज तो हेक्टरकडे बघतच राहिला.

"चारशे बारा. माझा आहे," पायऱ्यांच्या खालून हेक्टर म्हणाला. "मला बेशुद्ध वर आणलं. काढायचा राहिला."

"अहो, एवढंच ना?" ट्रीना लगबगीने पायऱ्या चढली. "मी देते काढून."

"हात लावू नकोस!" लिओ असा ओरडला की ती जागीच थांबली. त्याने धोक्याची घंटा बडवली. "हेल्मेटं परत करा. आज कुणी उतरणार नाही. आमचा एक माणूस खाली आहे."

"अरे, तो तर इथे बसलाय!"

"फळ्यावर तसं नाही."

नावं वाचायला आलेले बाकीचे म्हातारे खाणकामगार एकेक करून पिंजऱ्याच्या दारात उभे राहिले. पर्यटक तिकिटाचे पैसे परत मागू लागले. ट्रीना पायऱ्या उतरून हेक्टरसमोर आली. तिचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

"हे किती वेळ चालायचं?"

"मी वर येईपर्यंत," हेक्टर म्हणाला.