बाविसाव्या अध्यक्षांचा चार्ज

चाळीस जणांना कॉम्प्युटरवरचा नवा खेळ चाचणीसाठी दिला होता आणि एकोणचाळीस जणांची सरकारं पडली होती. अध्यक्ष वारला की मंत्री रुसायचे, ग्रह एकेक करून फुटून निघायचे आणि दोनशे वर्षं खपून आकाशगंगेत उभं केलेलं राज्य पाच मिनिटांत चारी मुंड्या चीत. खेळणाऱ्यांनी कंपनीला जे अभिप्राय पाठवले, त्यांत कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

सरकार टिकणार की पडणार हे शंभरातल्या गुणांवर ठरवणारं खेळातलं 'स्थैर्य' जिच्या डोक्यातून निघालं, तिला ऑफिसात सगळे नियमवाली म्हणत. तीन वर्षं तिने ते जिवापाड जपलं होतं, कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आता तिला सातवा महिना होता आणि दोन आठवड्यांनी ती रजेवर जाणार होती. मालकांनी सोमवारी सरळच सांगितलं, "शुक्रवारपर्यंत हे लोकांना झेपेल असं कर. नाहीतर काढून टाकू. तू नसताना त्याला हात कोण लावणार? इथे कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मी सहा महिन्यांत परत येते ना!"

"तोवर खेळ बाजारात गेलेला असेल."

शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर हे ऐकून खूश झाला. खेळातल्या बऱ्याच गोष्टी त्याने आजवर छाटल्या होत्या, म्हणून त्याचं नाव कात्री. स्थैर्यावर तर त्याचा पहिल्यापासून डोळा होता.

सरकार न पडलेला चाळिसावा कोण, म्हणून नियमवालीने यादी उघडली आणि चाट पडली. ती तिची मावशी होती! हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्यावर मावशी घरातल्यांनाच शिस्त लावू लागली, तेव्हा घरच्यांच्या सुटकेसाठी हा खेळ तिच्या गळ्यात मारला होता. त्या मावशीने एकवीस अध्यक्ष बदलले होते आणि स्थैर्य शंभरातल्या ऐंशीच्या खाली एकदाही आलं नव्हतं. एक तर खेळात चूक होती, नाहीतर मावशीत काहीतरी होतं. राहवेना, तेव्हा बुधवारी दुपारी नियमवाली थेट तिच्या घरी जाऊन धडकली.

"पाय वर घेऊन बस आधी. सूज बघ किती आलीये," मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"मावशी, तुझं सरकार पडत कसं नाही गं?"

"का पडेल?" मावशीला प्रश्नच कळला नाही.

नियमवाली पाय वर घेऊन पडद्याकडे बघू लागली. बाविसावे अध्यक्ष चांगले ठणठणीत होते, तरी मावशीने त्यांना उपाध्यक्षांसोबत एका जहाजात घातलं होतं आणि जहाज ग्रहामागून ग्रह हिंडत होतं. बारा खाणकामगार राहतात त्या उजाड दगडावरसुद्धा ते थांबलं. बाकीचे एकोणचाळीस जण उपाध्यक्षाला राजधानीत तोफांच्या आड जपून ठेवायचे. शहाणपण तेच होतं, असं नियमवालीलाही वाटत आलं होतं.

"अगं, दोघं एकाच जहाजात? अवकाशचाच्यांनी उडवलं तर?"

"उडवलं होतं एकदा. पण तिसऱ्यालाही मी आधीच हिंडवून आणलं होतं, त्याला नेमलं." मावशीने चष्मा वर सरकवला. "चार्ज देतेय मी. चार्ज काय ऑफिसात खुर्चीवर बसून देतात? वॉर्डात पाळी बदलताना दोघी नर्सनी मिळून प्रत्येक खाटेपाशी जायचं. जुनीने सांगायचं, नवीने ऐकायचं. आता हाक मारली तर कोण येणार, ते पेशंटलाही दिसायला नको?"

नियमवालीने कपाळावर हात मारून घेतला. नव्या अध्यक्षाला कोण किती वेळा भेटलंय यावर स्थैर्य ठरतं, हा नियम तिनेच पहिल्या वर्षी लिहिला होता. नंतर त्यावर इतके नियम रचले की तो तिच्याच डोक्यातून साफ गेला. तिला हसू आवरेना. पण एक कोडं उरलंच. उपाध्यक्षांना खुर्ची देऊन झाल्यावरही मावशीने जुन्या अध्यक्षांना जहाजातच ठेवलं होतं, तेही बिनकामाचं.

"यांना काही काम का देत नाहीस?"

"त्यांचं काम सगळ्यात अवघड. तोंड मिटून उभं राहायचं. नवीचं चुकलं तरी, कुणाच्या जिवावर बेतत नसेल तर गप्प." मावशीने जहाज पुढच्या ग्रहाकडे वळवलं. "मला नाही जमलं बाई ते. निवृत्त झाल्यावर महिनाभर वॉर्डात रोज फोन करायचे. शेवटी त्या पोरीने माझा फोन उचलणंच बंद केलं. फार लागलं मला. पण चूक माझीच होती."

गुरुवारी सकाळी नियमवालीने उपाध्यक्षाला सोबत फिरवण्याची सूचना खेळात टाकली. ते काम तासाभराचं होतं. मग ती खुर्ची ओढत कात्रीच्या टेबलापाशी गेली.

"उघड. पहिल्या ओळीपासून सांगते."

"मला? मीच तर काढा म्हणून मागे लागलोय."

"म्हणून तर. दुसरा कुणी मान डोलावेल, तू 'हे कशाला' म्हणून विचारशील."

त्याने शुक्रवार दुपारपर्यंत तेच विचारलं, आणि काही ठिकाणी तिलाही आपली जुनी टिपणं काढून बघावी लागली.

शुक्रवारी दुपारी मालक आले. नियमवालीने नुसतं कात्रीकडे बोट दाखवलं. कात्री सांगत सुटला. मंत्री सात वर्षं रुसतात, त्याने पाच सांगितली. तिने ओठ आवळले. त्याने तिच्या लाडक्या शब्दांऐवजी स्वतःचे ओबडधोबड शब्द वापरले आणि मालकांना ते चटकन कळले.

"मग ठेवू या," मालक म्हणाले. "सांभाळशील ना?"

"सांभाळतो. फक्त अध्यक्ष वारल्यावरचा तो राष्ट्रीय दुखवट्याचा नियम काढणार. लोकांना नुसता ताप आहे तो."

तो नियम लिहायला तिला पाच महिने लागले होते. तो का हवा याची दहा कारणं तिच्या जिभेवर आली. मालकांनी आणि कात्रीने, दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती सगळी गिळून तिने आपली खुर्ची जरा मागे सरकवली.

मालक कात्रीकडे वळले. "काढ," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न त्यांनी त्यालाच विचारला.