वाकडे घासलेले दात

तिसरा गिअरबॉक्सही चाचणीच्या ब्याण्णवाव्या तासाला फुटला आणि सगळ्यांची बोटं मायक्रॉनबाईकडे वळली. एका मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचीही चूक ती खपवून घेत नसे, म्हणून कारखान्यात तिचं खरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. हवाई दलाच्या मालवाहू विमानासाठी टर्बोप्रॉप इंजिन बनत होतं. आतलं टर्बाइन भन्नाट फिरणार, बाहेरचा पंखा त्या मानानं सावकाश. मधे वेग उतरवायला गिअरबॉक्स. त्यातल्या चाकांचे दात तिच्या मशीनवर घासले जायचे.

"दात वाकडे गेलेत," डिझायनर साहेबांनी निकाल देऊन टाकला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तुटकी चाकं मागून घेतली आणि दोन दिवस भिंगाला डोळा लावून बसली. मग तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"हे बघा. घासून आलेली चमक दाताच्या एकाच टोकाला आहे, दुसरं टोक कोरं करकरीत. दात सरळच आहेत साहेब, पण थंड असताना. इंजिन तापलं की गिअरबॉक्सची पेटी फुगते, चाकाचा दांडा केसभर कलतो, आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येतो. तेवढा उलटा कल आधीच देऊ या."

"म्हणजे मुद्दाम वाकडे घासायचे?"

"हो. तापले की सरळ बसतील. अठरा मायक्रॉन पुरे."

साहेबांनी तापलेली पेटी मोजायला लावली, दिवसभर आकडेमोड केली. संध्याकाळी ते स्वतः तिच्या मशीनपाशी आले. "एकोणीस येतात."

"मग एकोणीस," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एक मायक्रॉन सोडून दिला.

चौथा गिअरबॉक्स ब्याण्णव तास ओलांडून गेला. चाचणीचे दीडशे तास पूर्ण झाल्यावर उघडला, तर प्रत्येक दातावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी चमक! साहेबांनी सगळ्यांदेखत हात जोडले. "बाई, चुकलो."

वर्षभरानं तेच इंजिन लावलेलं विमान बर्फात अडकलेल्या साठ जवानांना घेऊन सुखरूप उतरलं. टीव्हीवर ते दिसताच एरवी सुनेच्या भाजीतही खोट काढणाऱ्या मायक्रॉनबाईच्या सासूबाई गॅलरीत धावल्या.

"अहो, ऐकलंत का?" त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली. "त्याचे दात आमच्या सुनेनं घासलेत!"

"विमानाला दात?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"असतात!" सासूबाई ठणकावून म्हणाल्या, आणि सुनेला हाताला धरून पुढे ओढलं. "सांग गं यांना, नीट समजावून सांग."